चिकाचा हलवा

अलिबागच्या इस्राएल आळीतला नव्याचा सण बहुतेक वर्षी आमच्या घटस्थापनेच्या आसपास यायचा. रोश हशानाला, म्हणजे ज्यूंच्या नववर्षाला, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू मंडळी, नव्याचा सणच म्हणत. पितृपक्ष सरत आला की शेजारच्या मावशींकडे गहू भिजत पडत.

दोन-तीन दिवस भिजलेले गहू पाट्यावर वाटायचे, पाण्यात कोळायचे, फडक्यातून गाळायचे. रात्रभरात चीक तळाशी बसे. सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचं. खरी कसोटी त्यानंतर. नारळाचं दूध, साखर आणि चीक मोठ्या पातेल्यात चढले की ढवळणं थांबवायचं नाही. मावशी, त्यांच्या जाऊबाई आणि माझी आई आळीपाळीने बसत. आधी पांढरं पाणी, मग खळीसारखं दाट, मग कालथा अडू लागे. गोळा कडा सोडून चकाकू लागला की मावशी वेलची-जायफळ घालत, ताटात थापून वर बदामाचे काप पेरत. गाईचं दूध यात नाही, कारण सणाला मटण असे आणि मांसाच्या जेवणात दूधदुभतं त्यांच्या धर्माला चालत नाही. कोकणच्या नारळाने त्यांचा केवढा पेच सोडवला!

त्यांच्या बाकीच्या पानांतही कोकण असंच उतरलेलं. प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या मलिद्यात भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं. बिरड्याच्या रोज्याला वाल. जेरुसलेमचं मंदिर पाडलं त्या दुःखाचा उपास वालाच्या बिरड्याने सोडणारी माणसं जगात दुसरीकडे कुठे असतील, मला माहीत नाही.

1948 साली इस्राएल झाला आणि पुढे दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर निघत गेले. मावशीही उतारवयात मुलांमागे इस्राएलमधल्या दिमोनाला गेल्या. "नारळ मिळतो गं इथं," त्यांनी आईला लिहिलं होतं, "पण ढवळायला कुणाला हाक मारू?" आईने ते पत्र देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं होतं. आई गेली. मग मावशी गेल्याचा लेकीचा फोन आला. शेवटी शेवटी त्या फक्त मराठीत बोलत, असं ती म्हणाली.

आता पुष्कळ घरी हलवा चायना ग्रासचा करतात, लवकर होतो म्हणून. त्यांना दोष कसा द्यावा? माणसंच उरली नाहीत. पण तो हलवा वेगळा, हा वेगळा. ज्यांच्या घरात चीक घोटलेला हात अजून आहे, त्यांनी येत्या नव्याच्या सणाला त्या हाताशेजारी बसावं. नुसतं प्रमाण लिहून घेऊन भागणार नाही. कालथा स्वतः धरावा.