कुठल्या वेळी दिलं?

३ नोव्हेंबर २०२५

एम.फार्म.च्या मुलांचं डॉकिंगचं, म्हणजे संगणकावर रेणू प्रथिनात बसवून पाहण्याचं, प्रात्यक्षिक जवळ आलं. दर वर्षी एचआयव्हीचं प्रोटिएझ घेतो. यंदा मेलाटोनिनचा एमटी१ रिसेप्टर घ्यायचं ठरवलं आणि २०२० साली 'नेचर'मध्ये आलेला ब्रायन शॉइकेट, ब्रायन रॉथ आणि मार्गारिटा दुबोकोविच यांच्या गटांचा शोधनिबंध पुन्हा काढला. संगणकावर शोधलेले रेणू थेट शरीराच्या घड्याळावर तपासणारं इतकं नेटकं काम मी क्वचितच वाचलं आहे.

४ नोव्हेंबर

दिवसभर एमटी१च्या रचनेतच होतो. पण मुलांना आधी घड्याळ कुठे असतं ते सांगावं लागेल. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, तिथेच वर सुमारे २०,००० चेतापेशींचा पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. अंधार पडला की पिनिअल ग्रंथीतून मेलाटोनिन सुटतं आणि एमटी१, एमटी२ या दोन रिसेप्टरांमार्फत या पुंजक्याला रात्रीची वर्दी देतं. एमटी१ची स्फटिकरचना २०१९ मध्ये हाती आली आणि तिथून पुढे संगणकाला काम मिळालं.

रिसेप्टरमध्ये मेलाटोनिन बसतं तो कप्पा अगदी लहान आहे. वरून जवळजवळ बंद. आत जायची वाट बाजूने, पेशीच्या पटलातून आहे. या कप्प्यात १५ कोटींहून जास्त रेणू संगणकावर बसवून पाहिले गेले. त्यांतले बहुतेक कुणी कधी बनवलेलेही नव्हते, मागणी आल्यावर बनवता येतील असे. नुसती बसणी चांगली असून चालणार नव्हतं, रेणूची ठेवण आजवरच्या औषधांपेक्षा वेगळी हवी, असा आग्रह होता. शेवटी ३८ रेणू प्रत्यक्ष बनवून तपासले. त्यांत ४७० पिकोमोलर इतक्या अल्प मात्रेतही काम करणारे निघाले.

१५ कोटींतून ३८! मुलांना हा आकडा सांगताना मला नेहमी आनंद होतो. पण खरा धडा पुढे आहे.

७ नोव्हेंबर

वहिनी रात्रपाळी करून सकाळी परस्पर इकडेच आल्या. गेली कित्येक वर्षं रुग्णालयात पाळ्या करतात. चहा घेताना म्हणाल्या, "भावोजी, आमच्या वॉर्डातल्या मुली मेलाटोनिन घेतात. मीपण घेऊ का? घरी गेल्यावर झोपच लागत नाही हो."

मी विचारलं, किती वाजता घेणार?

"आता, घरी गेल्यावर. कधी घेतली तरी झोपेचीच गोळी ना?"

तसं नाही. संध्याकाळी घेतलं तर मेलाटोनिन घड्याळ पुढे सरकवतं, म्हणजे झोप आणि जाग दोन्ही लवकर. पहाटे-सकाळी घेतलं तर तेच घड्याळ उलट मागे पडतं. गोळी एकच, दिशा दोन. त्यात त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते. तुमच्या डॉक्टरांना पाळ्यांचा तक्ता दाखवा आणि मगच ठरवा, असं सांगितलं. त्या थकून गेल्या होत्या. अशा लाखो माणसांसाठी हे संशोधन चाललं आहे, हे प्रयोगशाळेत बसून विसरायला होतं.

९ नोव्हेंबर

शोधनिबंधाचा उंदरांचा भाग. माझ्या मते सगळं काम इथे वसूल होतं.

शेवटी निवडलेले दोन रेणू एमटी१चे इन्व्हर्स अ‍ॅगोनिस्ट होते. रिसेप्टर मेलाटोनिनशिवायही स्वतःहून थोडा चालू असतो. हे रेणू ती चालही कमी करतात. म्हणजे परिणाम मेलाटोनिनच्या उलट हवा. प्रकाशाचं वेळापत्रक एकदम बदललेल्या उंदरांना नव्या वेळेशी जुळवून घ्यायला मेलाटोनिन मदत करतं, या रेणूंनी ते जुळणं लांबवलं. इथवर अपेक्षेप्रमाणे. पण सतत अंधारात ठेवलेल्या उंदरांना त्यांच्या स्वतःच्या घड्याळानुसार तिन्हीसांजेला हेच रेणू दिले, तेव्हा घड्याळ १.३ ते १.५ तास पुढे सरकलं. अगदी मेलाटोनिन करतं तसं! एमटी१ नसलेल्या उंदरांत हा परिणाम नाहीसा झाला, एमटी२ नसलेल्यांत टिकला. म्हणजे रेणू बरोबर जागीच बसला होता. तिथे बसून घड्याळाचं काय होईल, ते मात्र कप्प्याच्या चित्रात कुठेच नव्हतं.

१० नोव्हेंबर

उलट्या टोकाचं उदाहरणही वर्गात सांगायचं. २०१२ मध्ये स्टीव्ह के यांच्या गटाने आधी घड्याळालाच विचारलं: माणसाच्या पेशींना तालात चमकायला लावलं, त्यांच्यावर सुमारे ६०,००० रेणू टाकले आणि ताल कोण बदलतं ते पाहिलं. केएल००१ हा रेणू असा सापडला. तो घड्याळाच्या क्रिप्टोक्रोम प्रथिनाला चिकटून त्याचा नाश रोखतो, हे नंतर कळलं. घड्याळाच्या औषधांसाठी मला दोन्ही वाटा लागतील असं वाटतं. नुसत्या डॉकिंगवर विसंबणाऱ्याच्या हाती चांगले रेणू लागतील, औषध लागेलच असं नाही.

१२ नोव्हेंबर

प्रात्यक्षिक झालं. मुलांनी मेलाटोनिन कप्प्यात नीट बसवलं. एका मुलीने विचारलं, "सर, डॉकिंगच्या गुणांच्या यादीत वेळेचा रकाना कुठे असतो?" तिला सांगितलं, संगणकाच्या यादीत नसतो, तो आपण प्रयोगाच्या वहीत आखायचा.

तेव्हा प्राण्यांवर औषधं तपासणाऱ्या माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना विनंती: मात्रेशेजारी घड्याळाची वेळ लिहा, दिवे किती वाजता लागले आणि मालवले तेही लिहा. औषध घड्याळाचं असो वा नसो.