ज्यांची इमारत उरली नाही

आमच्याकडे एखाद्या खानदानाचा इतिहास विचारला, की लोक आधी घर दाखवतात. हा दरवाजा दादांनी बसवला, ही विहीर परदादांनी खोदली. घर नसेल तर निदान कब्रस्तानातली कबर दाखवतात. पण ज्यांना घरच्यांनीच बाहेर काढलं, त्यांचा इतिहास कुठे बघायचा?

हा प्रश्न माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा आहे. दहावीपर्यंत ती माझ्याकडे उर्दू आणि मराठी शिकली, आता आर्किटेक्चरच्या पाचव्या वर्षाला आहे. शेवटच्या वर्षी या मुलांना थिसिस म्हणून एक पूर्ण इमारत कागदावर उभी करावी लागते. कुणी हॉस्पिटल घेतं, कुणी बसस्थानक. हिने मुंबईत भायखळ्याजवळ किन्नर, समलिंगी आणि इतर क्वीअर लोकांच्या इतिहासाचं संग्रहालय घेतलं. खाली दवाखाना आणि वकिलाची खोली, वर कागदपत्रं आणि फोटो, शिवाय कुणाला रात्री घराबाहेर काढलं तर झोपायला चार खाटा.

"आपा, बाहेरच्या देशांतली उदाहरणं मिळाली, आपली मिळत नाहीत," ती म्हणाली.

अ‍ॅमस्टरडॅमचं होमोमोन्युमेंट तिने मला नकाशावर दाखवलं. १९८७ साली उभारलेले गुलाबी ग्रॅनाइटचे तीन त्रिकोण. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवत, त्याची ही आठवण. एक त्रिकोण पायऱ्यांनी कालव्याच्या पाण्यापर्यंत उतरतो, तिथे लोक फुलं ठेवतात. बर्लिनचंही सांगितलं. डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांची लैंगिकतेवर संशोधन करणारी संस्था ६ मे १९३३ रोजी लुटली गेली आणि चार दिवसांनी तिथली पुस्तकं चौकात जाळली. लुटणाऱ्यांत विद्यार्थीच पुढे होते. मी शिक्षिका आहे, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आपली उदाहरणं अगदीच नाहीत असं नाही. दिल्लीत मेहरौलीला लोदी काळातलं हिजड्यांचं खानकाह आहे. पांढऱ्या चुन्याच्या कबरी, आणि त्यांची देखभाल तुर्कमान गेटचे किन्नर करतात. आग्र्याला शाहजहानच्या दरबारातल्या फिरोज खान ख्वाजासराचा मकबरा आहे. मग मधली साखळी कुठे तुटली? १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने उत्तर हिंदुस्थानातल्या हिजड्यांची पोलिसात नोंद सुरू केली. नोंद झालेल्याला मृत्युपत्र करता येत नव्हतं, दत्तक घेता येत नव्हतं, कुणाला काही बक्षीसपत्राने देता येत नव्हतं. ज्याला आपली वस्तू पुढच्याच्या हाती सोपवता येत नाही, त्याची इमारत उरणार कशी? १८६०च्या दंडसंहितेतलं कलम ३७७ होतंच. परस्परसंमतीच्या संबंधांना त्यातून सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी बाहेर काढलं.

तिच्या नकाशात दर्शनी भागावर पाटी नाही. परीक्षकांनी विचारलं, हे लोक आधीच लपून जगतात, तुम्ही इमारतही का लपवता? तिने प्रवेशाला ड्योढी दिली आहे. आपल्या जुन्या घरांत असते तशी, आत शिरताच वळण, म्हणजे रस्त्यावरून अंगण दिसत नाही. तिचं उत्तर मला आवडलं: ज्याला दिसायचंय त्याच्यासाठी गच्ची रस्त्याकडे उघडी आहे, ज्याला दिसायचं नाही त्याच्यासाठी ड्योढी आहे, ठरवायचं त्याने.

हे वाचून काही जण मला विचारतील, दीनमध्ये या लोकांना जागा कुठे आहे? मी आलिमा नाही. पण फिक्हच्या जुन्या किताबांत खुन्साला वारशात किती हिस्सा, नमाजाच्या जमातीत त्याने कोणत्या सफमध्ये उभं राहावं, याची चर्चा आहे. हनफी फुकहांनी मुलांच्या मागे आणि स्त्रियांच्या पुढे त्याची सफ सांगितली. खुन्सा वेगळा आणि समलिंगी वेगळा, समलिंगी संबंधांबद्दल बहुतेक उलेमांचं मत कडक आहे, हे मला ठाऊक आहे. तरी एक गोष्ट उरते. त्या बुजुर्गांनी "हा उभा कुठे राहील?" असं विचारलं. मशिदीबाहेर काढून प्रश्न मिटवला नाही.

थिसिसच्या पहिल्या पानावर मुलीला आपल्या मामूचं नाव लिहायचं होतं. ते तरुणपणी घरातून गेले आणि किन्नरांच्या डेऱ्यात राहिले. आता हयात नाहीत. तिच्या अम्मीचा मला फोन आला, "आपा, तुम्हीच समजवा तिला. मुलीचं लग्न व्हायचंय. लोक काय म्हणतील?" ही भीती खोटी नाही. आमच्या मोहल्ल्यात रिश्ता मोडायला याहून कमी पुरतं. मी फक्त विचारलं, "भाईजानचं नाव काय होतं?" बराच वेळ फोनवर काहीच ऐकू आलं नाही. मग त्यांनी नाव सांगितलं, आणि सांगताना रडल्या. नाव छापायचं की नाही, हे मायलेकींनी ठरवायचं आहे. मी त्यात बोलणार नाही.

वाचकांना मात्र एक सांगायचंय. थिसिसची इमारत बहुधा कधी बांधली जाणार नाही, नकाशे गुंडाळून कपाटावर जातील. पण इमारतीत ठेवायचं सामान आपल्याच घरांत आहे. पेटीत एखादा फोटो असेल ज्यातून एक माणूस कात्रीने कापलेला आहे, एखादं पत्र असेल ज्याला कुणी उत्तर दिलं नाही. ते टाकून देऊ नका. मागे पेन्सिलीने नाव तेवढं लिहून ठेवा.