सिलोनची भाषा

आमच्या दादाजानच्या मर्फी रेडिओवर अम्मीने कशिदा काढलेला गिलाफ असे. आम्हाला कळू लागले तोवर तो मुका झाला होता. तरी सकाळचे आठ वाजत आले की दादाजान त्याच्याकडे बघून म्हणत, "अब सैगल का वक्त हुआ." रेडिओ सिलोनचा जुन्या गाण्यांचा कार्यक्रम सैगलच्या गाण्याने संपे, हे आम्हाला असे कळले.

कोलंबोत 1925 साली प्रसारण सुरू झाले. महायुद्धात दोस्तांच्या सैन्याने तिथे सैनिकांसाठी ताकदवान केंद्र उभारले, ते पुढे सिलोन सरकारकडे आले. 1950 साली व्यापारी विभाग निघाला. सिंहली, तमिळ, इंग्रजी, हिंदी; ज्या भाषेत ऐकणारा, त्या भाषेत जाहिरात! इकडे 1952 साली नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर, आपले मराठीच, त्यांना फिल्मी गाणी खपेनात. लोकांनी काटा कोलंबोकडे वळवला. त्याच वर्षी डिसेंबरात 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. आकाशवाणीने 1957 साली विविध भारती काढली, पण दादाजानचा बुधवार सिलोनकडेच राहिला.

गंमत म्हणजे गीतमाला मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि फिती कोलंबोला जात. निवेदक अमीन सयानी. त्यांच्या आई कुलसुम सयानी 'रहबर' नावाचे पाक्षिक काढीत, नुकतेच लिहा-वाचायला शिकलेल्या प्रौढांसाठी. मजकूर सोपी हिंदुस्तानी, लिप्या तीन: देवनागरी, उर्दू, गुजराती. अमीन लहानपणी त्या कामात मदत करीत. ती साधी भाषा त्यांना तिथेच सापडली.

आम्हाला ती फार उशिरा सापडली. बी.एड.च्या सराव पाठात आम्ही वजनदार उर्दू झाडली. निरीक्षक खूश. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "सर, ये सब अरबी है क्या?" त्या पाठाला आम्हाला चांगले गुण मिळाले, याची अजून लाज वाटते.

मराठी मंडळी विचारतात, तुम्ही उर्दूवाले मराठीत कशाला लिहिता? मोहल्ल्यातही तेच विचारतात, फक्त आवाज चढवून. दोन्हीकडे आम्ही पाहुणेच!

20 फेब्रुवारी 2024 रोजी अमीन सयानी गेले. दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात आम्ही मोबाईलवर त्यांचा आवाज ऐकवला. नाव कोणालाच माहीत नव्हते, समजले मात्र सगळ्यांना. एकीने विचारले, "सर, ये उर्दू है या हिंदी?" आम्ही म्हटले, जे ऐकलेत ते लिहा, ज्या लिपीत जमेल त्या लिपीत.

वह्या घरी आणून तपासल्या. बऱ्याच उर्दूत, काही देवनागरीत. एका वहीत उजवीकडून सुरुवात होती, खाली मात्र सिनेमांची नावे डावीकडून, मराठीच्या तासाला गिरवलेल्या अक्षरांत. काय खोडावे ते सुचेना, म्हणून लाल पेन बाजूला ठेवले आणि ती वही दादाजानच्या रेडिओवर, गिलाफाखाली सरकवली.