दादांची चेतक

भंगारवाला दारात उभा होता. त्याचा हातगाडा नालीच्या अलीकडे लावलेला. त्याने पडवीत येऊन ताडपत्री उचलली, स्कूटरच्या पायदानावर बोटाने टिचकी मारली आणि म्हणाला, "ताई, पत्रा सगळा सडला. किलोच्या भावात जाईल. दोन हजार देतो."

मी काही बोलायच्या आत घरातून मायचा आवाज आला, "इकायची न्हाई."

ही गोष्ट 2023 च्या दिवाळीनंतरची. स्कूटर माझ्या वडिलांची, म्हणजे दादांची. बजाज चेतक. दादा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. नंबर लावून, पतपेढीचं कर्ज काढून 1986 साली त्यांनी ती घेतली. त्या काळी चेतक पैसे मोजले की मिळेल अशी वस्तू नव्हती. नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. आमच्या आज्याला गावातून पायात वहाण घालून जाता येत नव्हतं. त्याचा लेक नांदेडहून नवी कोरी स्कूटर चालवत वेशीतून आत आला, तेव्हा वस्तीतल्या बाया-माणसं रस्त्यावर येऊन उभी राहिली होती. मी दहा वर्षांची होते. मला ते सगळं आठवतं.

आम्ही दोघी बहिणीच. भाऊ नाही. दहावी झाल्यावर 1993 साली दादांनी मला त्याच स्कूटरवर चालवायला शिकवलं. डाव्या मुठीत गिअर, उजव्या बाजूला इंजिन, त्यामुळे गाडी उजवीकडे ओढायची. सकाळी सुरू झाली नाही की एका अंगाला वाकवायची आणि मग किक मारायची. बिलोलीत तेव्हा पोरगी स्कूटर चालवते म्हटल्यावर लोक थांबून बघायचे. दादा म्हणायचे, "बगू दे. तू रस्त्याकडं बग."

2011 साली दादा गेले. माय आमच्याकडे राहायला आली आणि तिच्यासोबत स्कूटरही आली. चालवणारं कुणी नव्हतं. आमचे हे ऑटो चालवतात, मी अंगणवाडीत सेविका आहे. दोघांनाही वेळ नाही. पण दादांची वस्तू म्हणून मी ती जपली. पडवीत उभी केली, वर ताडपत्री टाकली, दोरीने घट्ट बांधली. शेजारी जागा होती तिथे दिरांनी खताची पोती लावली. बारा वर्षं मी समजत होते की मी स्कूटर सांभाळते आहे.

वाचकहो, इथेच माझी चूक झाली. ती सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

लोखंडाला गंज चढायला दोनच गोष्टी लागतात, पाणी आणि हवा. तिसरी गोष्ट मीठ. ते मिळालं तर काम फार लवकर होतं. ताडपत्रीमुळे पाऊस अडला, पण जमिनीतून येणारी ओल आत कोंडली. रात्री ताडपत्रीच्या आतल्या बाजूला दव धरायचं आणि पत्र्यावर उतरायचं. वारा लागला असता तर ते सुकून गेलं असतं. शेजारी खताची पोती. खत म्हणजे क्षारच. हवेतली ओल ओढून घेतं आणि पत्र्याला खातं. मी उघड्यावर ठेवली असती तरी स्कूटरचं एवढं नुकसान झालं नसतं. हे मला माझ्या मुलाने सांगितलं. तो आय.टी.आय.ला मोटार मेकॅनिकचा कोर्स करतो.

तोच म्हणाला, "आई, भंगारात नको. आपण घरीच करू."

आणखी एक चूक आधीच करून झाली होती. 2018 च्या श्रावणात पायदानावर तांबडे डाग दिसले म्हणून मी वरच्यावर पेपर मारला, हार्डवेअरच्या दुकानातून डबा आणला आणि ब्रशने रंग लावला. दोन महिने छान दिसलं. मग रंगाखाली फोड आले. फोड का येतात? लोखंडाचा गंज होतो तेव्हा तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून वरच्या रंगाला आतून ढकलतो. फोड दिसला म्हणजे आतलं दुखणं जुनं झालं असं समजावं. वरून रंग लावणं म्हणजे पिकलेल्या जखमेवर पावडर लावणं.

या वेळी आम्ही जानेवारीची वाट पाहिली. दमट हवेत रंग मारला तर थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर हवेतली ओल बसते आणि रंग पांढरट पडतो. भर उन्हाळ्यात उलट होतं. थिनर हवेतच उडून जातं, रंग पत्र्यावर कोरडाच पडतो आणि खरखरीत लागतो. आमच्या मराठवाड्यात जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस या कामाला चांगले.

पहिलं काम खोलण्याचं. मुलाने प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाईलवर फोटो घेतला. नट-बोल्ट मी अंगणवाडीतल्या रिकाम्या डब्यांत ठेवले आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावली. पेट्रोलची टाकी सर्वांत आधी काढून घराबाहेर, चुलीपासून लांब ठेवली. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते, आणि भडका त्या वाफेचाच होतो. टाकीजवळ वेल्डिंग कधीही करू देऊ नये.

मग पत्रा तपासला. पेचकसाच्या मुठीने ठोकत जायचं. धड पत्रा टण् वाजतो, सडलेला भद्द वाजतो. शंका आली तिथे लोहचुंबक लावायचा. खाली जाड लांबी भरलेली असेल तर चुंबक धरत नाही. पायदानावरच्या रबरी पट्ट्या काढल्या तेव्हा खाली तळहाताएवढं भगदाड निघालं. पट्ट्यांखाली पाणी साचून राहतं, म्हणून चेतक तिथेच आधी सडते.

हे भगदाड साधं नसतं. मोटारसायकलला सांगाडा वेगळा असतो. चेतकला तसं नाही, तिचा पत्र्याचा देह हाच तिचा सांगाडा. मुलाने मला एका विलायती स्पोर्ट्‌स कारची माहिती वाचून दाखवली. एम.जी.बी. नावाची ही दोन माणसांची गाडी 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमध्ये बनत होती. तिचीही रचना अशीच. दाराखालची पत्र्याची पेटी सडली की गाडी मधोमध दबते आणि दारं नीट लागत नाहीत. तिकडचे हौशी लोक सुट्टीच्या दिवशी घरच्या शेडमध्ये त्या गाड्या खोलतात आणि वर्षानुवर्षं गंज काढत बसतात. गाडीला खालून टेकू दिल्याशिवाय ते सडका भाग कापत नाहीत. कापला तर गाडीचा आकारच बिघडतो. आपल्याकडे गोव्यातही स्टॉर्म नावाची दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार निघाली होती, पण तिचा देह फायबरचा, त्याला गंज नाही. पत्र्याची गाडी विलायतेतली असो की बिलोलीतली, गंजाला ती सारखीच.

आम्हीही खाली लाकडी ठोकळे देऊन मगच पायदान कापलं. सडका भाग धड पत्रा लागेपर्यंत काढला. थोडा वाचवावा असा मोह होतो. तो वाचवला की गंज तिथूनच पुन्हा सुरू होतो. नवा पत्रा मापाने कापून, ठोकून बसता केला आणि वेल्डिंग तेवढं दुकानात नेऊन करून घेतलं. जे आपल्याला येत नाही ते येणाऱ्याकडून करून घेण्यात कमीपणा नाही.

उरलेला रंग आणि गंज घासायचं काम माझ्याकडे आलं. अंगणवाडी सुटली की दुपारी बसायचं. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर कायद्याने मर्यादा आली ती 2017 साली. म्हणून जुना रंग पाणी लावून घासायचा, तोंडाला मास्क बांधायचा, लेकरांना जवळ येऊ द्यायचं नाही आणि तो चिखल गोळा करून टाकायचा, अंगणात राहू द्यायचा नाही. उघड्या लोखंडाला मात्र पाणी नको. तिथे तारेचा ब्रश आणि कोरडा पेपर. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अंगणवाडीच्या बाई, आता गॅरेज टाकता का?" मी म्हटलं, "भांडी घासतो तेच हात आहेत."

बारीक खड्ड्यांत बसलेला गंज ब्रशने निघत नाही. त्यासाठी फॉस्फोरिक ॲसिड असलेलं गंज काढायचं औषध मिळतं. रबरी मोजे घालून लावायचं, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ ठेवायचं, पुसून-धुऊन लगेच वाळवायचं. त्याने गंज विरघळतो आणि लोखंडावर फॉस्फेटचा पातळ थर बसतो. हे वाचताना मला दिल्लीचा लोहस्तंभ आठवला. सुमारे सोळाशे वर्षं तो उन्हापावसात उभा आहे. आय.आय.टी. कानपूरचे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास केला. जुन्या कारागिरांच्या लोखंडात फॉस्फरस जास्त होता, त्यामुळे स्तंभावर फॉस्फेटचा पातळ थर आपोआप तयार झाला, आणि तोच त्याला सांभाळतो आहे. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या त्या माणसांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. काम मात्र टिकलं.

औषध लावून वाळलं की त्याच दिवशी प्रायमर मारावा. उघडं लोखंड एक रात्रही तसं सोडू नये. आम्ही रेड ऑक्साइड मारला. त्यावर पोचे भरायला लांबी, पण पातळ, दोन-तीन हातांत. जाड लांबी पुढे तडकते. घासताना पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळायचा. नुसत्या बोटांनी घासलं तर पत्र्यावर बोटांच्या नाल्या पडतात. आधी 220 नंबर, मग 400, शेवटी 600.

रंग कोणता, यावर घरात भांडण झालं. मुलाला लाल हवा होता. हे म्हणाले, काळा स्वस्त पडेल. माय म्हणाली, "कवळ्या हरबऱ्यासारका व्हता." नोंदणी पुस्तकात हिरवा लिहिलेलं निघालं. रंग बदलला तर आर.टी.ओ.कडे नोंद करावी लागते, हेही कारण झालं. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ऊन न लागलेला मूळ रंग शाबूत होता. ते झाकण घेऊन मी नांदेडला गेले आणि दुकानदाराकडून तोच रंग मिळवून घेतला.

दुकानदार हार्डनर घालून वापरायचा पी.यू. रंग घ्या म्हणत होता. तो चमकतो खरा, पण त्यात आयसोसायनेट असतं. ते फवाऱ्यातून छातीत गेलं तर कायमचा दमा जडू शकतो, आणि साधा मास्क त्याला पुरत नाही. घरात माय ऐंशीच्या पुढची. आम्ही साधा रंग घेतला.

कॉम्प्रेसर भाड्याने आणला. सकाळी लवकर अंगणात पाणी शिंपडलं, म्हणजे धूळ बसते. दोन बाजूंना ओल्या चादरी बांधल्या. शेजाऱ्यांना बिडी-चूल लांब ठेवायला सांगितलं. पातळ हात मारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग दुसरा. पुढच्या मडगार्डवर मुलाने घाई केली आणि रंग ओघळला. तो रडकुंडीला आला. मी म्हटलं, वाळू दे, घासू, पुन्हा मारू. तसंच केलं. एक चिलट मात्र डिकीवर चिकटून राहिलं ते अजून आहे.

रंग वाळल्यावर मायला बाहेर आणून बसवलं. तिला आता नीट दिसत नाही. तिने हँडलवरून, सीटवरून, पायदानावरून हात फिरवला. नव्या पत्र्याचा जोड जिथे आहे तिथे तिची बोटं थांबली. म्हणाली, "हितं फाटलं व्हतं व्हय?" मी हो म्हटलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्यायनं हिला कवा झाकून ठिवलं न्हाई. रोज पुसायचे."

मला बोलता येईना. बारा वर्षं मी ज्याला जपणं म्हणत होते ते नुसतं झाकणं होतं. दादा रोज सकाळी फडक्याने पुसायचे, रविवारी रबर उचलून खालचं पाणी काढायचे. ते मी लहानपणी पाहिलं होतं आणि विसरले होते.

इंजिन मुलाने आणि त्याच्या मित्रांनी चालू केलं, ती वेगळी कहाणी. जुन्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. तीही रीतसर केली. पुण्याजवळ आकुर्डीला 1972 साली सुरू झालेली ही चेतक पुढे बंद झाली, आणि 2020 पासून त्याच नावाची विजेवर चालणारी स्कूटर आली. मुलगा ती घेऊ म्हणतो. घ्यावी. नव्याला माझी ना नाही.

पण भगिनींनो, प्रत्येकीच्या घरात एखादी अशी वस्तू असतेच. आईची शिलाई मशीन, सासऱ्यांची सायकल, कागदपत्रांची लोखंडी पेटी. तिच्यावर नुसतं कापड टाकून समाधान मानू नका. पेटी जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवा, म्हणजे खालून हवा खेळेल. मीठ आणि खत जवळ ठेवू नका. पाणी निघून जायची भोकं बुजू देऊ नका. पावसाळा संपला की उघडून बघा. फोड दिसला तर तेव्हाच धड लोखंडापर्यंत घासा. लहान असतानाच तो एका दुपारच्या कामाचा असतो.

2024 चा पावसाळा गेला तेव्हा मी रबरी पट्ट्या काढून पाहिल्या. एका स्क्रूभोवती तांबडी कड धरली होती. मी पेपर घेतला आणि खाली बसले. स्कूटर आता ताडपत्रीखाली नसते. पडवीत उघडी असते, आणि सकाळी अंगणवाडीत जाण्याआधी मी ती फडक्याने पुसते.