आमच्या गल्लीतला आकडा

परवा मार्गशीर्षातल्या यात्रेला सटाण्याला जाऊन आलो. आरम नदीच्या काठी देवमामलेदारांचं दर्शन घेतलं, गुडीशेव-रेवड्या घेतल्या आणि पाय जुन्या गल्लीकडे वळले. कोपऱ्यावर जिथे पानाची टपरी होती, तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. माझ्या लहानपणी, म्हणजे १९७५ ते ८० च्या काळात, सगळी गल्ली त्या टपरीभोवती फिरायची!

टपरी नावालाच पानाची. खरा धंदा मटक्याचा. मालकाला सगळे शेठ म्हणायचे. संध्याकाळी चिठ्ठ्या फाडायला सुरुवात व्हायची. हमाल, मास्तर, कांदा विकून घरी निघालेला शेतकरी, सगळे एकाच रांगेत. रात्री नऊला ओपन, बाराला क्लोज. मुंबईचा आकडा फोनवरून मालेगावला आणि तिथून आमच्याकडे. अंधारात कुठल्यातरी ओट्यावरून हाक यायची, "काय आकडा उना रे भो?"

नव्या पिढीसाठी सांगतो. मटक्याचं मूळ कापसात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव तारेने मुंबईला यायचे, त्यावर लोक सट्टा लावायचे. पुढे ते थांबलं आणि १९६२ मध्ये कल्याणजी भगतने, १९६४ मध्ये रतन खत्रीने पत्ते काढून आकडा द्यायला सुरुवात केली. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, शेवटचा अंक घ्यायचा. २, ५, ८ आले तर बेरीज १५, म्हणजे आकडा पाच. १८८७ च्या जुगारबंदी कायद्याने हा गुन्हाच. पण छापा पडला की सापडायचा तो चिठ्ठ्या लिहिणारा पोरगा. शेठ कधीच नाही.

आणि तरी शेठ वाईट माणूस वाटायचा नाही. गणपतीची सगळ्यात मोठी वर्गणी त्याची. कुणाच्या पोरीचं लग्न अडलं की मांडवाचा खर्च त्याचा. १९७५ च्या 'धर्मात्मा'तला प्रेमनाथ मी पुढे पाहिला तेव्हा आधी शेठच आठवला. तो सिनेमा 'गॉडफादर'वरून घेतलेला आणि ते पात्र खत्रीवरून, हे नंतर कळलं. इटलीहून न्यूयॉर्कला गेलेल्या लोकांच्या मोहल्ल्यातही असाच कुणीतरी शेठ असणार!

बाबाही खेळायचे. आईच्या पाटल्या त्यातच गेल्या. एका रात्री आईच्या पोटात असह्य दुखायला लागलं. घरात दमडी नव्हती. बाबा टपरीवर धावले. शेठने जीप काढून दिली, मालेगावच्या दवाखान्याचं बिलही भरलं आणि पुन्हा कधी पैसे मागितले नाहीत. मी लहान होतो, शेठ मला देवच वाटला.

बऱ्याच वर्षांनी मी हे आईजवळ बोललो. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आकडे दहा आणि रुपयाला देतो नऊ. दहा घरांतून दहा रुपये घ्यायचे, एका घरात नऊ द्यायचे. उरलेल्या रुपयातून माझी जीप. देवमामलेदारांनी दुष्काळात सरकारचा खजिना गरिबांना वाटला. ह्याने गरिबांचाच गरिबांना वाटला."

मग थोडं थांबून म्हणाली, "तुझे बाबा कदाचित सोडूनही देत होते. पण त्या रात्रीनंतर टपरीवरून नुसतं पुढे जायची त्यांना लाज वाटायला लागली."

हे मला माहीत नव्हतं. उपकार फेडायचे म्हणून बाबा खेळत राहिले आणि आम्ही भावंडं शेठला नमस्कार करत राहिलो. आईचा हिशोब मला पटतो. पण त्या रात्री जीप आली नसती तर हिशोब सांगायला आई उरली असती का, हेही डोक्यातून जात नाही. शेठचा राग करायचा म्हटलं तरी अजून नीट जमत नाही.

असो. निघताना त्या दुकानाच्या पायरीवर दोन पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली दिसली. एकाने दुसऱ्याला विचारलं, "काय उना रे?"

क्रिकेटचा स्कोअर असेल. तोच असू दे, दुसरं काय!