आपली टीम कोणती?

चिखल्याला जमिनीखाली मँगनीज आहे आणि जमिनीवर हॉकीचे तज्ज्ञ. ऑक्टोबर 2024 मध्ये हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला, तेव्हा पाळी सुटलेली मंडळी तोंड न धुताच टपरीवर बसली. हरमनप्रीत 78 लाखांना गेला आणि दोन तट पडले. एकाचे म्हणणे, पेनल्टी कॉर्नर मारणारा हवाच. दुसऱ्याचे, तेवढ्यात तीन बचावपटू आले असते. चहाचे दहा रुपये उधार ठेवणारा माणूस लाखाच्या खाली बोलेना!

"गोलकीपर बघा आधी," मी म्हणालो. श्रीजेश त्याच वर्षी पॅरिसचे कांस्यपदक घेऊन निवृत्त झाला होता. शिवाय तरुणपणी मी स्वतः क्रिकेटचे पॅड बांधून गोलात उभा राहत असे. एका सामन्यात नऊ गोल खाल्ले. त्यातला एक मला अजून मान्य नाही.

इतक्यात कोपऱ्यातले आजोबा म्हणाले, "पन भाऊ, आपली टीम कोनती?"

पुरुषांचे आठही संघ बोटांवर मोजले. महाराष्ट्राचा एकही निघाला नाही. टपरीवर स्टोव्हचा आवाज तेवढा राहिला.

"हैदराबाद घेऊ," शेवटी कोणीतरी म्हणाले, "त्यातल्या त्यात जवळ."

"घेतले. गोलकीपर कोण?"

सगळे माझ्याकडे बघू लागले.