बाळ मोठं झालं की बघू

स्तनाच्या कर्करोगाच्या ओपीडीत सर्वांत महाग पडणारं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर मी लगेच सांगेन : ‘बाळ जरा मोठं झालं की बघू.’ ते एकट्या बाईचं नसतं. सासू म्हणते, आई म्हणते, नवरा म्हणतो, कधीकधी डॉक्टरही म्हणतात.

अंगावर पाजणाऱ्या बाईच्या छातीत गाठ लागली, की ती दुधाचीच असं सगळे धरून चालतात. बहुतेकदा असतेही दुधाचीच. दूध साकळतं किंवा गळू होतं. शेक, कोबीची पानं, अँटिबायोटिकचा एखादा कोर्स, आणि गाठ विरते. त्या शेकाबद्दल माझी तक्रार नाही. दोन आठवड्यांत न विरलेल्या गाठीलाही तोच शेक देत बसतात, त्याबद्दल आहे. दुधानं भरलेल्या स्तनात हाताला नीट कळत नाही, मॅमोग्राफीतही धूसर दिसतं. म्हणून आधी सोनोग्राफी, आणि शंका आली तर सुईनं तुकडा काढून तपासणं. त्यासाठी दूध तोडावं लागत नाही. क्वचित सुईच्या वाटेनं काही दिवस दूध पाझरतं, एवढंच. बाळाला पाजूनच या, असं मी सांगते. स्तन मोकळे असले की आमचंही काम सोपं होतं. बायोप्सीच्या बंदुकीचा ‘खट्’ आवाज मी आधी एकदा हवेतच करून दाखवते. बाळ दचकतं, आईला हसू येतं, आणि खरी सुई जाते तेव्हा ती हलत नाही.

भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच. २०२२ मध्ये देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्यानं झाल्याचा अंदाज आहे. पाश्चात्त्य देशांच्या मानानं आपल्याकडे तो सरासरी दहाएक वर्षं लवकर गाठतो. आपली लोकसंख्याच तरुण आहे, हे त्यामागचं एक मोठं कारण. पण माझ्यासमोर बसलेल्या तेहतीस वर्षांच्या बाईला या खुलाशाचा उपयोग नसतो.

गरोदरपणी निदान झालं तर घरचे पहिला प्रश्न विचारतात, ‘पाडावं लागेल का?’ गर्भ पाडल्यानं आईचा आजार बरा होण्याची शक्यता वाढत नाही. पहिले तीन महिने केमो देत नाही. त्यानंतर काही ठरावीक औषधं देता येतात, आणि प्रसूतीच्या तीनेक आठवडे आधी थांबवतात. रेडिएशन, ज्याला आमचे पेशंट ‘लाइट’ म्हणतात, आणि हॉर्मोनच्या गोळ्या बाळंतपणानंतर. केमो सुरू असताना पाजणं मात्र बंद करावंच लागतं. कर्करोगाचं नाव ऐकून कोरड्या डोळ्यांनी बसलेली बाई दूध आटवायच्या गोळ्या लिहून देताना रडते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्या वेळी मी पुढचा पेशंट थांबवून ठेवते.

मग घरातल्या मोठ्या भावंडाचा प्रश्न येतो. त्याला सांगितलेलं असतं, आई मामाकडे गेलीय. चार वर्षांचं मूल बावळट नसतं. घरात कुजबुज आहे, आजी डोळे पुसतेय, हे त्याला दिसतं. आणि खरं कारण कळलं नाही तर ‘मी त्रास दिला म्हणून आई गेली’ असं ते स्वतःच ठरवून टाकतं. म्हणून मी आयांना सांगते : आजाराचं नाव घ्या, तो शिवल्यानं होत नाही हे सांगा, आणि उद्यापासून शाळेत कोण सोडणार ते सांगा. त्याला खरी काळजी बहुधा या तिसऱ्या गोष्टीची असते. पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात. त्याआधीच मुलाला तयार करावं.

ऑपरेशननंतरचा ठरलेला प्रश्न : ‘मॅडम, उचलून कधी घेऊ?’ नळी निघून जखम भरेपर्यंत नाही. तोवर आपण खाली बसायचं आणि पोराला मांडीवर चढू द्यायचं. पण काखेतल्या गाठी काढल्या म्हणून त्या हातानं जन्मभर जड उचलायचं नाही, हा सल्ला जुना झाला. बेतानं वजनं उचलण्याचा व्यायाम केल्यानं हाताची सूज वाढत नाही, हे २००९ मध्येच एका चाचणीत दिसलं. तरी आमच्याकडे तो सल्ला अजून आजीच्या मायेनं दिला जातो.

‘नंतर बघू’ शोभतं ते एकाच ठिकाणी : पुढच्या मुलाबाबत. हॉर्मोनला प्रतिसाद देणाऱ्या कर्करोगात पाच ते दहा वर्षं गोळ्या घ्याव्या लागतात, आणि तोवर वय निघून जातं. दीड ते अडीच वर्षं गोळ्या घेऊन, मध्ये बाळासाठी दोन वर्षांपर्यंत थांबलेल्या पाचशेवर स्त्रियांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या तीनेक वर्षांत त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. पुढची वर्षं अजून मोजली जाताहेत. मात्र बीजांडं गोठवून ठेवायची असतील तर केमोच्या आधीच. त्याला साधारण दोन आठवडे लागतात, आणि ते बहुतेकदा देता येतात. जनुकांची तपासणीही या वयात टाळू नये. दोष निघाला तर तो बहिणीला सांगायचा, भावालाही.

चौथ्या टप्प्यातल्या आयांशी बोलणं वेगळं. तिथे उपचारांना शेवटची तारीख नसते. पण पाल्बोसिक्लिबसारख्या गोळीचं पेटंट २०२३ मध्ये संपलं, भारतीय कंपन्यांनी ती स्वस्तात आणली, आणि हॉर्मोनला प्रतिसाद देणाऱ्या आजारात ‘परवडेल का?’ ऐवजी ‘गॅदरिंगच्या आठवड्यात डोस चार दिवस पुढे ढकलता येईल का?’ असं विचारणाऱ्या बायका मला भेटू लागल्या. चार दिवस बहुधा ढकलता येतात.

केमोच्या डे-केअरमध्ये मुलांना सोडत नाहीत. बरोबरच आहे, संसर्गाची भीती असते. पण मग ते मूल जिन्यात आजीच्या कडेवर तासन्‌तास ताटकळतं. औषधांच्या दुकानाला जागा निघते, कॅन्टीनला निघते. एक सतरंजी आणि एक आया मात्र मी काम केलेल्या कुठल्याही रुग्णालयात मावली नाही. म्हणून डोसच्या दिवशी मूल कुणाकडे राहील, हे मी पहिल्याच भेटीत विचारते आणि ते नाव, फोन नंबरासकट, केसपेपरवर औषधांच्याही वर लिहिते.